भासऱ्यानं पटवलेली ओळख

माझ्या बापाचं नाव उकंडराव. हे नाव मी एकदाच घेते, पुन्हा घेणार नाही. त्याच्यापायी त्याचे सख्खे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा पुंजाजी, जेलात गेले.

दुसरबीडला माझ्या आईच्या, मनकर्णाबाईच्या नावावर माहेरचं पाच एकर वावर होतं. बापानं ते परस्पर विकलं. मेहकरच्या रजिस्टर कचेरीत त्यानं पदर ओढलेली कोणीतरी भाडोत्री बाई नेऊन बसवली आणि ओळख पटवायला मोठेबाबांना बोलावलं.

"ही बाई कोण?" साहेबानं विचारलं.

"आमच्या लहान्याची बायको हाय, साहेब."

तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमच्यात भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोकडे मान वर करून पाहायचं नसतं, बोलायचं तर नसतंच. लहाना म्हणाला, म्हणून ती लहान्याची बायको.

लबाडी उघडी पडली तसा बाप निजामाच्या मुलखात पसार झाला. मोठेबाबांना दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

अकोल्याला अपील केलं. यानं भावजयीचं तोंड कधी पाहिलेलंच नाही, हा स्वतःच फसला, असं वकिलानं मांडलं. आईनंही पदराआडून तेच सांगितलं. सरकारी वकील हसला. त्यानं पाच बायका पदर ओढून ओळीनं उभ्या करवल्या, त्यांत आई.

"यातली तुझी भावजय कोणती?"

ओळखत नाही म्हटलं असतं, तर सुटले असते. आमचा वकील डोळ्यांनी खुणावत होता. पण सतरा वर्षं खाली मान घालून वावरलेल्या माणसाला घरच्या बाईचे पाय ठाऊक असतात.

"तिसरी," मोठेबाबा म्हणाले.

"मग तेव्हा खोटी बाई कशी कळली नाही?"

"तवा पायलंच नाही, साहेब. आता पायलं, मंग खोटं कसं बोलू?"

त्या भोळेपणाचा मला आजही संताप येतो. अपील फेटाळलं गेलं.

शिपाई त्यांना नेऊ लागले, तेव्हा आई वाटेत आडवी उभी राहिली. सगळ्यांदेखत तिनं पदर मागे सारला.

"आता तरी पाहा. कोणापायी चालले, तिचं तोंड तरी पाहा."

त्यांनी मान वर केली नाही. तिच्याशी ते पहिल्यांदाच बोलले, "बाई, टाचा लय फाटल्या तुह्या. मेण लावत जाय."

दुसऱ्या वर्षी ते जेलातच वारले. आईचं तोंड त्यांनी कधीच पाहिलं नाही.