मामाच्या पटक्यातला धूर

बायको जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसलो तेवढ्यात चारदा उठलो.

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. सोलापूरच्या भवानी पेठेत मी भांड्यांना कल्हई लावायचो. मुलगी बघायला गेलो. दारातून तिला एकदाच पाहिलं आणि ठरवलं, करीन तर हीच! तिच्या वडलांनी विचारलं, "कामात हात कसा हाय?"

"काळं भांडं आणा की, दावतो!" मी खिशातून भांडी साफ करायच्या मिठाच्या तेजाबाची बाटली काढली. (मुलगी बघायला तेजाब घेऊन गेलेला अख्ख्या सोलापुरात मी एकटाच!)

शेजारी मुलीचा मामा बसलेला. सर्दीनं बेजार. हुंगायला त्यानं चुना-नवसागराची शिशी काढली. त्याचं बूच निघालं, माझंही निघालं, आणि मधल्या हवेतच पांढराफेक धूर! जाळ नाही, निखारा नाही. धूर सरळ मामाच्या पटक्यात शिरला.

"मामा पेटला!" मी ओरडलो आणि पाण्याची अख्खी कळशी त्याच्या डोक्यावर उपडी केली.

पटका नवाकोरा, लाल, कच्च्या रंगाचा! मामाच्या तोंडावरून लाल ओघळ.

"अगं बाई, रगत!" मुलीची आई किंचाळली.

"मेलो गं ताई!" मामा आडवाच झाला.

"रंग हाय वो!" म्हणत मी माझ्या धोतराच्या सोग्यानं त्याला पुसू लागलो. धोतर लाल, मामा आणखी लाल!

"ऊठ! हो भायेर!" वडील कडाडले. "असला जावई नगं आमाला!"

मी बाटली उचलली. तेवढ्यात आतून मुलगी खदाखदा हसली.

वडील थबकले. "हसतीस काय गं? पसंत हाय व्हय?"

"हाय की!"

पुढं एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं सांगितलं, तेजाबाची वाफ आणि त्या शिशीतली उग्र वाफ भेटली की हवेतच नवसागर बनतो, तोच तो धूर. (कल्हईला रोज लागणारा नवसागर आपोआप बनला, आणि मी शहाण्यानं त्याच्यावर पाणी ओतलं!)

जन्मभर तिला विचारत आलो, "मला बघून हसलीस नव्हं?"

"तुमाला बघून रडू आलं हुतं. हसले मामाला बघून."

शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून म्हटलं, "आता तरी खरं सांग. कुणाला बघून हसलीस?"

डोळे न उघडताच म्हणाली, "मामाला."