लाल पेन्सिल आणि 'णार'

कांबळेसाहेब पेपर वाचत नसत, तपासत. हातात लाल पेन्सिल. परदेशी कंपनी 'येणार', सरकार जमीन 'देणार', तरुणांना काम 'मिळणार'... प्रत्येक 'णार'भोवती गोल. उद्योग खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कर्वेनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहत. "अहो, नोकरीभर हे 'णार' मीच लिहून पेपरांना पाठवले," म्हणायचे. "त्यांच्या आत काय असतं, मला विचारा."

हडपसरला माझं छोटं वर्कशॉप. सहा कामगार, मोटारींचे सुटे भाग. परदेशी मोटार कंपनी शहराबाहेर कारखाना काढणार, सरकार करमाफी देणार, असं छापून आलं आणि मी हुरळलो. वर्कशॉप त्या कारखान्याशेजारी हलवायचं ठरवून तिथल्या पत्त्याची व्हिजिटिंग कार्डं छापूनसुद्धा घेतली. त्या पत्त्यावर तेव्हा ज्वारी उभी होती.

साहेबांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं.

"जागा मिळाली?"

"मिळणार आहे."

"कंपनीनं सही केली?"

"करणार आहे."

"तुम्ही आमच्या खात्यात हवे होतात."

हडपसरची शेड सोडतो, असं मालकांना कळवायचं होतं. शेडवर दुसरा भाडेकरू टपलेलाच होता. एकदा सुटली की सुटली. पत्राचं मराठी शुद्ध असावं म्हणून मी ते तपासायला दिलं. कुणाकडे? साहेबांकडेच! अक्कल ती एवढी.

आठवडा गेला. "विचाराधीन आहे," साहेब म्हणाले.

दुसरा गेला. "साहेब, आठ ओळी आहेत हो!"

"असू देत. घाई कंपनीला तरी कुठे आहे?"

म्हातारा माझ्यावर जळतो, अशी माझी खात्रीच झाली. चिडून दुसरं पत्र लिहायला बसलो, तोच साहेब पेपर घेऊन खाली आले. शेजारच्या राज्यानं जास्त वर्षांची करमाफी दिली होती. कंपनी तिकडे गेली. 'गेली'भोवती गोल नव्हता.

पेपराच्या घडीत माझं पत्र होतं. 'शेड सोडणार आहे' यातल्या 'णार'भोवती तेवढा लाल गोल. बाकी एक वेलांटीसुद्धा सुधारलेली नव्हती.

"मुद्दाम दाबून ठेवलंत?"

"छे हो. खात्याची सवय."

दुसऱ्या दिवशी सहाही जण नेहमीसारखे हडपसरच्या शेडवर आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी साहेब गेले. सोसायटीच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं : 'त्यांची उणीव भासणार आहे.' जिन्यापर्यंत गेलो, परत फिरलो. 'भासणार आहे' पुसलं आणि लिहिलं, 'भासते'.