मंजुळाबाईंचं अळणी व्रत

आमच्या वेसाव्याच्या गल्लीत मंजुळाबाईंइतकं स्वतःच्या देवभक्तीचं कौतुक करणारं दुसरं कुणी नाही. भक्तीला मी हसत नाही. मी स्वतः संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. पण व्रत चार घरांत सांगून आल्याशिवाय फळत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते मंजुळाबाईच जाणोत. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. माझ्या या वहीत गल्लीतलं काही लिहायला मला फार लांब जावं लागत नाही.

बाई तिशीत विधवा झाली. डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसली, एकुलत्या अनंताला वाढवलं. तिच्या हातची खारवलेली मासळी न्यायला जुहूहून, मालाडहून बायका येतात. हे सगळं खरं आहे. पण जिला मासा कळतो तिला दुनियेतलं सगळंच कळतं, असा तिचा समज, आणि तो खोडून काढायची तिच्या घरात कुणाची छाती नाही.

एकोणसत्तर सालच्या ज्येष्ठात तिची सून कमळ तिसऱ्यांदा पोटुशी होती. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात जन्मलं, ते रडलंच नाही. या खेपेला पाय सुजले, प्रेशर चढलं. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिने डाव्या कुशीवर पडून राहायचं, गरजेपुरतंच उठायचं, मीठ बंद, आणि दर गुरुवारी नर्स घरी येऊन तपासेल. हेही गेलं तर पुन्हा धाडस करू नका, असं त्यांनी अनंताला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन सांगितलेलं अनंताने घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. कमळ भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

त्याच दिवशी मंजुळाबाईंनी एकवीरेच्या तसबिरीपुढे नवस बोलला: मूल घरात येईपर्यंत या घरच्या भांड्यात मिठाचा खडा पडणार नाही, आणि मीही अळणीच खाईन. बोलला तो बोलला, पण दुसऱ्या दिवसापासून नळावर ऐकवायला सुरुवात. जिभेची चव कशी गेली, रात्री पायात गोळे कसे येतात, सुनेसाठी कोण करतं हो एवढं. बायका हंडे भरायचे सोडून माना डोलवायच्या. कमळ कशी आहे, हे विचारायचं त्या गर्दीत कुणालाच सुचायचं नाही.

दर गुरुवारी एडना नर्स यायची. शेजारच्या गावठाणातली, चाळिशीची, पांढरा ड्रेस आणि बोलणं मोजकं. कमळच्या दंडाला पट्टा बांधायची, पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायची. मग काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. नितळ राहिली तर ठीक, पांढरी झाली तर वाईट. तीन गुरुवार ती पांढरीच होत गेली, प्रेशरही चढत गेलं. अनंता दारात उभा राहून "किती झालं?" विचारायचा, जसा काही आत टेस्ट मॅचचा स्कोअर लागलाय.

चौथ्या गुरुवारी मी पोथी वाचून दाखवायला कमळपाशी बसले होते. एडनाने दिवा विझवला आणि मंजुळाबाईंना सांगितलं, "पुढच्या खेपेला असंच निघालं तर हिला दाखल करायचं. डॉक्टर बाळ काढतील. एवढ्या लवकर काढलेलं जगेल, असं मी सांगणार नाही."

कमळने पोटावर हात ठेवला.

"पण मी मीठ सोडलंय ना," मंजुळाबाई म्हणाल्या. जणू यांच्या जिभेवरून कमळचं रक्त चालत होतं.

वेळ जेवणाची होती. बाईंनी ताट आणलं. भाकरी, अळणी डाळ आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सुरमईचा जाडजूड तुकडा. पावसामुळे होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी नाही. या दिवसांत गल्लीतलं प्रत्येक घर आधी साठवलेलंच खातं. तो तुकडा तीन आठवडे मीही बघत होते आणि माझ्याही टाळक्यात काही शिरलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

हे काय, म्हणून एडनाने विचारलं. बाई म्हणाल्या, सुरमई, पोटातल्याला ताकद नको? रोज दोन वेळा देते.

"आणि मीठ?"

"चिमूटभर नाही. देवीची शपथ."

शपथ खोटी नव्हती. तेच तर.

"बरणीत भरलीत तेव्हा?"

मंजुळाबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या हुन्नराचं कुणीतरी विचारलं होतं. "तेव्हा तर लागतंच. एक थर मासा, एक थर जाडं मीठ. हात आखडला की मासा सडतो. माझा हात नाही आखडत, म्हणून तर जुहूहून बायका..."

आणि तिथे त्या थांबल्या.

एडनाने ताट उचलून दाराबाहेर ठेवलं. "बाई, तुम्ही सोडलंत ते सगळं हिला खायला घातलंत."

शरमल्या म्हणाल? छे. म्हणे डॉक्टरांनी मीठ सांगितलं होतं, मासा सांगितला नव्हता. अनंताने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली, वाचली आणि आईचं बरोबर आहे म्हणाला, यात मासा लिहिलेलाच नाही. एडनाने त्याच्या हातात आपली पिशवी दिली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला चल म्हणाली. तेवढ्याच कामाचा तो.

दुसऱ्या दिवसापासून कमळचं जेवण आमच्या चुलीवर व्हायला लागलं. पेज, मुगाचं वरण, दुधी. पुढच्या गुरुवारी काचेतलं पांढरं गेलं नव्हतं, पण वाढलंही नव्हतं. पायाची सूज ओसरली, प्रेशर उतरलं. एडनाने दाखल करायचं आठवडाभर पुढे ढकललं, मग आणखी एक आठवडा. असं करत भाद्रपद आला. मुलगी झाली, थोडी लवकर, पण आल्याआल्या रडली.

सहाव्या दिवशी सटवीच्या पूजेला घर बायकांनी भरलं. मंजुळाबाई मधोमध बसून नवसाची गोष्ट सांगत होत्या. देवीने लाज राखली, तीन महिने अळणी खाल्लं, वाया नाही गेलं. सुरमई त्या गोष्टीत नव्हती. एडनाही नव्हती, आणि तिला आमंत्रणही नव्हतं. बायका म्हणाल्या, नात तरी दाखवा आता.

आतल्या खोलीच्या दारात कमळ उभी राहिली. लेक खांद्यावर. तीन महिने जिचा आवाज भिंतीपलीकडून मला कधी आला नव्हता, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"एडनाबाईंना बोलवा. त्या आल्या की बाहेर आणते."

मंजुळाबाई हसल्या. बघू गो, नंतर बोलवू म्हणाल्या. कमळने दार लावलं आणि आतून कडी घातली.

तासभर बायका बसून राहिल्या. चहा निवला. मंजुळाबाईंनी दोनदा कडी वाजवली, एकदा गोडीत, एकदा रागात. शेवटी अनंताला छत्री देऊन पिटाळलं. एडना ड्युटीच्या ड्रेसवरच आली, कुणाकडे न बघता आत गेली, फडक्यात बांधून मुलीला वजनकाट्याला लावलं. पाच पौंड. गुरुवारी दोघींना पुन्हा बघायला येते म्हणाली, आणि कमळने मुलगी तिच्याच हातात देऊन बाहेर आणवली.

बायका पांगायला लागल्या, तेव्हा मंजुळाबाई उंबऱ्याशी उभ्या राहून एकेकीला सांगत होत्या, "मीच धाडलं हो बोलावणं. म्हटलं, तिलाही बरं वाटेल."