बकरीनं खाल्लेला मांडव

"माही बकरी मेली ना भाऊ, त तुमच्या देवाले कोर्टात उभा करीन!"

शेजारी कुंपणापलीकडून असा ओरडत होता की धरणाचे दरवाजे आपोआप उघडावेत. बकरी त्याच्या पायाशी आडवी, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि तोंडातून माझ्या मांडवाची शेवटची डहाळी लोंबतेय.

"तुमच्या बकरीनं माझा अख्खा सण खाल्ला, त्याचं काय?" मीही आवाज चढवला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पंपांच्या कामाला गोसीखुर्द धरणावर आलो आणि इथंच नव्या गावठाणात घर बांधलं. धरणात बुडालेल्या गावांची माणसं इथं आणून वसवलेली, त्यात हा शेजारीही. स्वतःच्या हौसेनं आलेला प्राणी मी एकटाच. आमचा सुक्कोथचा सण आला की सात दिवस अंगणात पाल्याच्या मांडवात जेवायचं. छप्पर इतकं विरळ हवं की चांदण्या दिसल्या पाहिजेत. कोकणात नारळाच्या झावळ्या टाकल्या की काम झालं. इथं झावळ्या कुठल्या? म्हणून मी सुबाभळीच्या हिरव्यागार फांद्या आणून टाकल्या.

इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की सुबाभूळ म्हणजे बकरीची बासुंदी. मला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्याला होतं. मी एकेक फांदी बांधत होतो तेव्हा हा गृहस्थ ओट्यावर बसून दुपारभर चहा फुरकत बघत होता. "लय गार सावली पडन भाऊ," एवढंच बोलला. हे मी विसरेन?

बकरी काही मेली नाही. संध्याकाळी तिनं अशी ढेकर दिली की पवनीच्या बाजारात दुकानदारांनी घाबरून शटरं ओढली. पण मांडव गेला तो गेलाच. त्या वर्षी आम्ही बांबूच्या सांगाड्याखाली बसून जेवलो आणि पलीकडून तो मजेत विचारत होता, "आता त चांदन्या बराबर दिसत असन ना?"

मी वर्षभर डूख धरला. आता, डूख धरू नये असं आमची पोथी, तोरा, स्वच्छ सांगते आणि त्याच दमात शेजाऱ्यावर प्रेम करायलाही सांगते. दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागले की मी मनापासून प्रयत्न करायचो. नेमकी तेव्हाच पलीकडून ती बकरी बें करायची. किप्पूरच्या उपासाला सगळ्यांना माफ करायचं असतं. मी केलं. तहसील कचेरीतल्या बाबूपासून मेव्हण्यापर्यंत एकजात सगळ्यांना केलं. शेजाऱ्याची फाइल तेवढी उघडी ठेवली.

"देवाशीसुद्धा चलाखी करता?" बायको म्हणाली.

"चलाखी नाही. पुढची तारीख मागितलीय."

कारण बेत ठरला होता. मांडवात पाहुणा बोलावणं हा आमच्यात धर्मच. अब्राहाम बाबांचा तंबू म्हणे चारी बाजूंनी उघडा असायचा, वाटसरूला सुटकाच नाही. तेव्हा शेजाऱ्याला आग्रहाचं आमंत्रण. छप्पर या खेपेला शिंदीच्या पानांचं, ज्याला बकरी हुंगतसुद्धा नाही. पण पाहुण्याच्या डोक्यावर मी ते मुद्दाम जास्तच विरळ ठेवलं. परतीचा पाऊस गोंदियाकडून रोज संध्याकाळी हजेरी लावत होताच. आणि शास्त्रात एक सोय आहे: ताटातल्या आमटीत पाऊस पडायला लागला की खुशाल उठून घरात जावं. ही सोय मी त्याला सांगणार नव्हतो.

तो कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला, स्वतःच्याच लग्नाला निघाल्यासारखा. मी मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला, तोही इतका लांबवला की ढग जमायला वेळ मिळावा. बायकोनं नारळाच्या दुधातली कोंबडी वाढली. त्याचा दुसरा घास तोंडात जातो न जातो तोच आभाळ फाटलं. हत्तीच्या सोंडेएवढ्या धारा! आम्ही नवराबायको ताटं उचलून शास्त्राप्रमाणे घरात.

दारात उभा राहून मी बघू लागलो. वर्षभर वाट पाहिलेला क्षण तो हाच. सदरा अंगाला चिकटला, नाकावरून पागोळी सुरू झाली. आता पळेल, आता शिव्या देईल. पण हा मांडी मोडेना! डाव्या हाताचा पंजा ताटावर धरला आणि उजव्या हातानं चपाती तोडली. समोरच्यानं निदान थोडं तडफडावं, एवढीही माझी अपेक्षा नसावी?

"अहो, आत बोलवा त्यांना," बायको म्हणाली. "माणूस भिजतोय."

"भिजू दे."

"मांडवात बसवायला बोलावलंत की उघड्यावर टाकायला?"

पण हार मानेन तर मी कसला. त्याला निदान खिजवावं तरी, म्हणून पावसावर आवाज चढवून ओरडलो, "का हो, समजलं का, हा मांडव कशासाठी घालतो ते? आमचे वाडवडील घरदार सोडून निघाले, रानात झोपड्यांत राहिले. वर धड छप्पर नव्हतं. त्याची आठवण राहावी म्हणून पक्कं घर असूनही आम्ही सात दिवस असे बसतो!"

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. ताटातलं पाणी तिरपं करून ओतून दिलं.

"आमाले त आठवा लागत नाई भाऊ," तो म्हणाला. "रस्सा आना थोडा."