रिमोटवरची सहा नावे

भाऊजींच्या रिमोटवर नावे टिकत नाहीत, असे ताईने फोनवर प्रथम सांगितले, तेव्हा दोष माझाच असणार असे मी गृहीत धरले. ती नावे मी लिहिली होती. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, संगणकाला वायरने जोडलेल्या एका परक्या यंत्रावर, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिली होती. अशा कामात चूक झाली नसती तरच मला नवल वाटले असते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतीखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, अकोल्यात स्वतःच्या घरात राहणारे, बोलण्यात कोणाला हार न जाणारे गृहस्थ. गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात हळूहळू हलू लागला, काठी घेऊन ते अंगणापर्यंत जाऊ लागले, समोरच्याचे सगळे त्यांना समजतही होते. पण शब्द गेले. एकच उरला, "बरोबर". भूक लागली तरी बरोबर, चहा नको असला तरी बरोबर, आणि वैतागले म्हणजे काठी आपटून बरोबर. कोणत्या बरोबरचा अर्थ काय, हे स्वरावरून एकट्या ताईला कळे. इतरांसमोर मात्र ते तेवढेही बोलेनासे झाले होते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी चित्रांचे पत्ते आणले होते: आंबा, गाय, छत्री. भाऊजींनी ते पत्ते एकदाच पाहिले आणि उलटे करून ठेवले. ज्या माणसाने आयुष्यभर चारचौघांना शेतीची भाषणे दिली, त्याला "गाय" म्हणायला शिकवणे हे मलाही अवघड वाटले. बाई ताईला बाजूला घेऊन एवढेच म्हणाल्या की, या वर्षभरात जे शब्द परत येतील ते येतील, पुढे काम कठीण होत जाते.

रिमोट भाच्याने परदेशातून पाठवला. घरातली सगळी यंत्रे एकाच रिमोटवर चालावीत, एवढाच त्याचा हेतू. त्यावर एक छोटी स्क्रीन होती. स्क्रीनवर सहा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात आपल्याला हवे ते नाव आपल्याच लिपीत लिहिता येत होते. सोबत एक डबी आली होती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली की सहाव्या चौकोनावर बोट ठेवताच तिच्यातून घंटी वाजे. ताई मागच्या अंगणात भांडी घासत असली आणि भाऊजींना काही लागले, तर बोलवायला दुसरा उपाय नव्हता.

नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षे पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. या कामाचा एकच नियम मला येतो: नाव ठेवणाऱ्याच्या नव्हे, शोधणाऱ्याच्या सोयीचे असावे. तरीही पहिल्याच प्रयत्नात मी "बातम्यांची वाहिनी" असे भारदस्त लिहून बसलो, आणि स्क्रीनवर त्यातले "बातम्यांची वा" एवढेच मावले. मग नावे आखूड केली. टीव्ही. बातम्या. गाणी. कूलर. पंखा. सहाव्या चौकोनापाशी मी थोडा थांबलो. आधीची पाचही नावे, हुकूम ज्याने ऐकायचा त्याची होती. टीव्ही लिहिले की टीव्ही ऐकतो. घंटी ऐकून येणार ती ताई. म्हणून तिथे मी ताईचे नाव लिहिले, रेशनकार्डावर असते तसे.

ते पाहून ताईने पदर सावरला. "माहं नाव कायले टाकलं त्याच्यात," एवढे म्हणून ती आत गेली. तिला संकोच वाटला असेल, असे मला वाटले. मी त्यापुढे विचार केला नाही.

त्या पहिल्या दिवशी जे घडले, त्यामुळेच पुढचा सगळा खटाटोप मी केला. भाऊजींनी रिमोट डाव्या हातात धरला, स्क्रीनकडे बराच वेळ पाहिले, आणि बोट ठेवण्याआधी ओठ हलवले. "कूलर." शब्द जड होता, मधले अक्षर ओढलेले होते, पण तो "बरोबर" नव्हता, "कूलर" होता. कूलर सुरू झाला. ताई दारात उभी होती. तिने कूलरसमोरची खुर्ची उगीच सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. स्क्रीनवर सहाही चौकोनांत इंग्रजीतून उपकरण एक, उपकरण दोन असे काहीतरी आले होते. भाऊजींनी रिमोट बाजूला ठेवला होता, पत्त्यांसारखाच, उलटा.

ताईने एक गोष्ट बरोबर हेरली होती. यंत्रे चालत होती. पहिला चौकोन दाबला की टीव्ही लागे, चौथा दाबला की कूलर. गेली होती ती फक्त नावे. ती म्हणाली, "तुह्या भाऊजीवानीच झालं पाय याचं. काम येते, नाव येत नाही."

मी पुन्हा अकोल्याला गेलो, नावे पुन्हा भरली, आणि दुपारच्या गाडीने परतलो. ती पुन्हा गेली. तेव्हा मी रिमोट सोबत घेऊन अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी आलो. खाली शिकवणी वर्ग सुटल्यावर गाड्यांचा जो गलका होतो त्यात, टेबलावर एक वही उघडून, मी एका वेळी एकच गोष्ट तपासायला लागलो. वायर बदलली. संगणकातला प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. नावे मराठीत असल्यामुळे जात असतील, म्हणून तीन मराठीत आणि तीन इंग्रजीत लिहिली. कूलरच्या ओलाव्याने बिघडत असेल, म्हणून माझ्या कूलरसमोर दोन दिवस ठेवला. सेल ढिले बसत असतील, म्हणून ते काढून लगेच पुन्हा बसवले. नावे हलली नाहीत. सेलवर मी वहीत काट मारली. कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की, आपला प्रोग्रॅम अद्ययावत करावा. तो होताच.

माझ्या टेबलावर आठ दिवस सहाही नावे शाबूत राहिली, आणि अकोल्याला एका रात्रीत गेली. शेवटी मला वाटू लागले की यात यंत्राचा दोष नसून माझ्या हाताचाच काही असावा. ताईचे मत वेगळे नव्हते. फोनवर म्हणाली, "तीस वर्स पुस्तकाईले चिठ्ठ्या लावल्या, अन् सहा बटनाईले नाव लावता येऊन नाही राहिलं तुले." ती हसत होती, पण त्या आठ दिवसांत भाऊजी कूलरसुद्धा म्हणाले नव्हते, हेही तिने त्याच फोनवर सांगितले.

तिसऱ्या खेपेला मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. नावे भरली. भाऊजींनी त्या सकाळी तीन शब्द उच्चारले: कूलर, बातम्या आणि गाणी. गाणी म्हणताना त्यांना गंमत वाटली असावी, कारण तो चौकोन त्यांनी दोनदा दाबला. ताईने गोळाभात केला होता. ऊन इतके होते की तिने मला दुपारी निघू दिले नाही, आणि केवळ त्यामुळे मला जे दिसायला हवे होते ते दिसले.

जेवण झाले. भाऊजी आडवे झाले. ताईने त्यांच्या उशाशी असलेला रिमोट उचलला, नखाने मागचे झाकण सरकवले, दोन्ही सेल काढले, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवले. हे तिने इतक्या सहजतेने केले, की क्षणभर मलाही त्यात काही वेगळे दिसले नाही.

"ताई, सेल कावून काढले?"

"मंग? झोपले ना आता ते. आत राह्यले तं गळते, मशीन खराब होते."

"रोज काढतं?"

"दुपारी काढतो, रात्री काढतो. त्यात काय इचारतं? बाबाच्या रेडिओचे सेल कोन उन्हात ठेवे?"

मी ठेवत असे. तिवशाला आमच्या लहानपणच्या घरी बातम्या संपल्या की वडील रेडिओचे सेल काढून माझ्या हातात देत, आणि ते ओट्यावर उन्हात मांडून ठेवण्याचे काम माझे होते. संध्याकाळी ते पुन्हा बसवायचे. ताईने ते घरातून पाहून उचलले, आणि सासरी नेले. फोनवर मी तिला वायरबद्दल, ओलाव्याबद्दल, नाना गोष्टींबद्दल विचारले होते. सेल काढतेस का, हे विचारले नव्हते, आणि हात धुतले हे जसे कोणी मुद्दाम सांगत नाही, तसे तिनेही ते सांगितले नव्हते. मी काढून लगेच बसवलेले सेल आणि तिने तीन तास फडक्यात ठेवलेले सेल, यांत एवढे अंतर होते.

मी माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत ते दिलेले होते. वायरने पाठवलेली नावे तात्पुरत्या जागी राहतात. ती कायम करायची असतील तर रिमोटवरच एक वेगळा हुकूम द्यावा लागतो. हे पान मी याआधी दोनदा वाचले होते, आणि ते आपल्यासाठी नाही असे समजून उलटले होते.

ताईला मी हे समजावून सांगितले. मग तिने कपाट उघडले, फडके माझ्या हातात दिले आणि म्हणाली की, तिने आता सेल काढणे सोडून दिले. तिच्याकडून एवढे कबूल होणे ही साधी गोष्ट नव्हती. मी तिला म्हटले की त्याची गरज नाही. नावे भरून तो हुकूम दिला, सेल पुन्हा काढले आणि त्याच फडक्यात ठेवून आम्ही दोघे चहा पीत बसलो. तासाभराने सेल बसवले. सहाही नावे जागच्या जागी होती. भाऊजी तोवर उठले होते. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "बरोबर." यावेळी त्याचा अर्थ मलाही कळला.

इथे काम संपले असे मी समजलो. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा पाच नावे रोजच्या वापरात होती, आणि पंखा म्हणताना आता अडखळणे कमी झाले होते. सहावे मात्र कधी वाजलेच नाही, असे ताई म्हणाली. घंटी बिघडली असेल म्हणून मी दाबून पाहिली, वाजत होती.

त्या दुपारी मी भाऊजींच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. ताई मागच्या अंगणात होती. त्यांचा पाण्याचा पेला रिकामा होता. त्यांनी रिमोट घेतला, अंगठा सहाव्या चौकोनावर नेला, ओठ हलले, आणि अंगठा मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच केले. मी विचारले, ताईला बोलावू का? "बरोबर," ते म्हणाले. पण तो नकार होता, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता दिला.

मग मला माझी चूक दिसली, आणि ती मशीनमध्ये नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या बहिणीला नावाने हाक मारलेली मी एकदाही ऐकली नव्हती. तिच्या भावाच्या देखत तर नव्हतीच नव्हती. ते म्हणत, "आयकलं का." ओसरीवरून, मोटारसायकलवरून, लग्नाच्या गर्दीतून, नेहमी तेच. आमची आई थट्टा करायची की, पोरीचे बारशाचे नाव आपण ठेवले ते ठेवले, आता तिचे नाव आयकलं का. हे सगळे मला माहीत होते, आणि तरी मी कार्डावरचे नाव लिहून मोकळा झालो होतो. शोधणाऱ्याच्या सोयीचे नाव, हा माझा एकुलता एक नियम, तो मी इथे पाळला नव्हता.

संगणक मी पिशवीत आणलाच होता. सहाव्या चौकोनातले नाव पुसले, तिथे "आयकलं का" लिहिले. ते नीट मावले. कायम करण्याचा हुकूम दोनदा दिला, एकदा पुरतो हे माहीत असूनही. रिमोट भाऊजींच्या हातात दिला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो, म्हणजे मी तिथे नाही असे त्यांना वाटावे.

बराच वेळ काही झाले नाही. कूलरचे पाणी पडत होते. मग ते म्हणाले, हळू आणि तुटक, पण शेवटचे अक्षर त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे जरासे वर चढवून:

"आयकलं का."

मागच्या अंगणात भांड्यांचा आवाज थांबला. ताई ओल्या हातांनी दारात आली. तिने घंटीच्या डबीकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही.

"काय पाह्यजे?"

भाऊजींनी रिकामा पेला थोडा पुढे सरकवला. "बरोबर," ते म्हणाले.

ती पेला घेऊन आत गेली. मी वर्तमानपत्राचे तेच पान वाचत राहिलो.

सेल अजूनही दुपारी निघतात आणि फडक्यात जातात. बेचाळीस वर्षांची सवय एका हुकुमाने जात नाही, आणि आता ती जाण्याची गरजही नाही. सहावा चौकोन भाऊजी रोज मोठ्याने वाचतात, असे ताई सांगते. त्यावर बोट ठेवण्याची वेळ मात्र अजून आलेली नाही.