दुपारी वाजणारा डबा

धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचा गेमचा कन्सोल हॉलमध्ये टीव्हीखाली होता तसाच राहिला. गणपती उठल्यावर त्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरत गेल्या आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. त्यानं तिशीही गाठली नव्हती. सिन्नरला एका कारखान्यात तो शिफ्टची नोकरी करायचा आणि घरी आला की पडदे ओढून गेम खेळत बसायचा.

त्या कन्सोलला आई डबा म्हणायची. फ्रिजला आणि मिक्सरला घातलं तसं तिनं त्यालाही क्रोशाचं कव्हर करून घातलं होतं. भावानं ते काढून तिच्या हातात दिलं. "आई, तो आतून तापतो. मागून वारा जायला पाहिजे त्याला." आईनं ते कव्हर मग रेडिओला घातलं. तो गेल्यावर मात्र त्या डब्याला कुणी हात लावला नाही. पिनसुद्धा प्लगमध्येच राहिली, कारण ती काढायची म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन महिनाभर पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. एका दुपारी जेवणं उरकून आम्ही पडलो होतो. हॉलमधून टुक, टुक, टुक असा आवाज आला. मी उठून पाहिलं तर कन्सोलवर निळी रेघ पेटली होती आणि आतला पंखा हलकेच घुमत होता. टीव्ही बंद होता. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"रोज वाजतो का हा?" मी विचारलं.

"ऊन वाढल्यापासनं वाजतोय. फर्स्ट शिफ्ट करून तो याच वेळेला यायचा ना."

बाबा आतल्या खोलीतून निघाले, चपला घातल्या आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. ते रोजच तसं करत होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी डबा वाजायच्या आधीच आईनं चहा टाकला. एक कप तिनं कन्सोलच्या शेजारी नेऊन ठेवला. नंतर मी कप थोडा बाजूला सरकवला, कारण डब्यावर चहा सांडला असता तर तो कायमचा बंद पडला असता, आणि मग आईचं काय झालं असतं याची मला भीती वाटली. डबा वाजला. आई सोफ्यावर बसून त्या निळ्या रेघेकडे बघत राहिली. चहावर साय धरली तरी ती हलली नाही.

असे काही दिवस गेले. जेवतानाही तिचं लक्ष हॉलकडे असे. मलाही बसल्याजागी, माझ्या मागे कुणीतरी बूट काढतंय असं वाटायला लागलं. एकदा तर मी मान न वळवताच "हात धू आधी" म्हणाले आणि मग लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर शोधलं. या जुन्या मॉडेलची बटणं नुसत्या स्पर्शानं चालतात. डिस्क बाहेर काढायच्या बटणाच्या बरोबर खाली एक रबरी पाय असतो. उष्म्यानं तो फुगतो, वर सरकतो आणि आतून बटणाला टेकतो. मशीनला वाटतं, कुणीतरी बोट लावलं.

मी आईला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग दुरुस्त केलास तर वाजणार नाही?"

"नाही वाजणार. पण असाच तापत राहिला तर एक दिवस जळेल."

तिनं साडीचा पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "जळायला नको. तुझ्या हातानं कर. दुकानात नेऊ नको."

सकाळी मी पिन काढली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, अंगातली वीज मशीनला लागू नये म्हणून नळाला हात लावून घेतला आणि चांदणीच्या खाचेचे स्क्रू सोडवले. विजेचा भाग उघडायचा नसतो, तो बाजूला ठेवला. पंख्याभोवती पिंजलेल्या कापसासारखी राखाडी धूळ दाटली होती. पंखा उलटा फिरू नये म्हणून एका बोटानं धरून मी कोरड्या ब्रशनं ती सोडवत होते. तेवढ्यात पात्यात गुंतलेला एक केस निघाला. तांबूस होता. भावानं एकदा हौसेनं केस रंगवले होते आणि बाबांनी त्याच्याशी चार दिवस अबोला धरला होता.

त्याच्या अस्थी आम्ही रामकुंडावर सोडून आलो होतो. आणि तो इथं, या पंख्यात राहिला होता.

आईनं वर्तमानपत्राची घडी केली आणि धुळीसकट ते आत घेऊन गेली. तिनं त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. रबरी पाय काढून मी डबा पुन्हा जोडला आणि टीव्हीखाली ठेवून पिन लावली.

त्या दुपारी घर गप्प होतं. ठरल्या वेळी आई सोफ्यावर येऊन बसली, बाबा खाली गेले. काहीच वाजलं नाही. उन्हात पडदा तेवढा हलत होता.

शेवटी आई म्हणाली, "तू लाव ना तो. आपोआप नको, आपण लावलेला."

मी टीव्ही आणि डबा सुरू केला. भावाचा गेम तो जिथं थांबला होता तिथूनच उघडला. एका नदीच्या काठावर, आमच्याकडे पाठ करून, पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस उभा होता. त्याची छाती श्वासानं वरखाली होत होती. मधूनच तो पायावरचा भार बदलायचा आणि मान वळवून बघायचा. इतके महिने तो असाच उभा होता.

"वाट बघतोय का गं हा?" आईनं विचारलं.

तिनं माझ्या हातातला गेमचा रिमोट घेतला आणि अंगठा लागेल तसा दाबला. माणूस चालायला लागला. कोपऱ्यात लगेच एक लहानसं चक्र फिरू लागलं. मशीन नवी जागा साठवून ठेवत होतं. भावानं सोडलेली जागा पुसली जात होती. माझा हात प्लगकडे गेला. पण अशा वेळी वीज तोडली तर सगळंच नासतं. मी हात मागे घेतला. चक्र थांबलं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती पुढं सरकून बसली होती. माणूस धडपडत गवतातून निघाला होता.

दार वाजलं. बाबा वेळेच्या आधीच वर आले होते. चपला न काढता ते टीव्हीकडे बघत उभे राहिले.

"कुठं चाललाय तो?"

"मला कुठं माहितीय," आई म्हणाली. "पाण्यात नको जाऊ दे म्हणजे झालं."

बाबा तिच्या शेजारी बसले.