माहेरच्या नावाची हाक

इस्लामपूरहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर कागदांची पिशवी होती आणि तिच्यावरून त्यांचा हात सारखा फिरत होता. त्यांचे मालक, रिटायर फौजी, पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

मुलगा कॅनडात. आईवडिलांना कायमचं तिकडे नेण्यासाठी त्याने केलेला अर्ज मावशींच्या नावावर अडला होता. लग्नात सासरच्यांनी रीतीप्रमाणे नाव बदललं. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि आधारकार्डावर दुसरी. दोघी एकच, हे तिकडच्या साहेबाला कसं पटावं?

"मागल्या खेपंला साताऱ्याच्या कचेरीत म्हायेरचं नाव पुकारलं, आन् मी आपली गप बसून ऱ्हायले. नंबर गेला की! तवापास्नं घरात समदे त्याच नावानं हाका मारत्यात, सवय व्हावी म्हून. ह्ये तेवढं अजून 'ऐकलं का'च म्हनत्यात."

"आणि नाहीच मंजूर झालं तर?"

पिशवीवरचा हात थांबला. "नातवाला अजून मांडीवर घेतलं न्हाई, बगा." मग हात पुन्हा फिरू लागला. "हुईल. दोगी बी मीच हाय की."

कराडला फौजी चहा आणायला उतरले. कप घेऊन खिडकीखाली आले, आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि हळूच माहेरच्या नावाने हाक मारली. मावशी समोरच बघत राहिल्या.

"मावशी, तुम्हालाच हाक मारतायत."

"ऐकलंय," त्या हसू दाबत म्हणाल्या, "आजून एकदा म्हनू द्या."